फुसानवाले काकाजी

अकोल्यात आम्हाला दोन घरांनी खोली नाकारली ती आम्ही मासे खातो म्हणून, आणि तिसऱ्या घरात मिळाली तीही मासे खातो म्हणूनच.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझे यजमान रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. त्यांची अकोल्याला बदली झाली तेव्हा वऱ्हाडाबद्दल मी एवढंच ऐकलं होतं की तिथे कापूस पिकतो आणि ऊन पडतं. मी खाडीकाठची. आमच्या अंगणात उभं राहिलं की समुद्र दिसायचा. अकोल्यात उतरले तर चहूकडे काळी जमीन, धुळीचा रस्ता आणि कापसाच्या गाड्यांची रांग. त्या उन्हात जुन्या शहरात घर शोधत फिरताना पायाचे तळवे भाजून निघाले होते.

तिसऱ्या घराच्या ओट्यावर एक उंच, सडपातळ गृहस्थ बसले होते. धोतर, काळी टोपी, अंगात बंद गळ्याचा कोट, आणि त्या कोटावर, भुवयांवर, कानांच्या केसांतसुद्धा कापसाचे तंतू. हातातला कापसाचा पुंजका दोन अंगठ्यांत धरून ते हळूहळू ताणत होते. आमच्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "कुठले म्हना?"

"कोकणातले," यजमान म्हणाले.

हात थांबले. "समुद्राजवळचे?"

"हो."

"मासे खाता?"

यजमानांनी दोनदा खरं बोलून पाहिलं होतं. या वेळी ते चाचरत म्हणाले, "कधीमधी." मी इतकी थकले होते की मला राहवलं नाही. मी म्हटलं, "रोज खायचो. इथे मिळत नाहीत म्हणून बंद आहेत."

ते ताडकन उठले आणि आत तोंड करून ओरडले, "अवं, आयकलं काय? समुद्राच्या घरचे मानसं आले!"

आतून खणखणीत बायकी आवाज आला, "येऊ द्या. पन मासे मांगच्या अंगनात. घरातल्या चुलीवर नाई!"

"मीही मांगच्याच अंगनात खातो, बापा," ते आम्हाला खालच्या आवाजात म्हणाले. एकाच कोठडीतल्या जुन्या कैद्याने नव्याला धीर द्यावा तसं.

अशी आम्हाला खोली मिळाली. पुढे सगळ्या आळीसारखे आम्हीही त्यांना काकाजी म्हणू लागलो. आळीत मात्र त्यांच्या माघारी त्यांचं नाव निराळंच होतं. फुसानवाले.

काकाजी एका जपानी कंपनीच्या अकोल्यातल्या कचेरीत कापसाची प्रत ठरवायचं काम करत. कापसाचा पुंजका ओढून धागा किती लांब, किती मजबूत, हे बोटांनी सांगायचं. दिवसभर तेच करून बोटांना इतकी सवय झाली होती की घरी आल्यावरही ती स्वस्थ बसत नसत. गादी दिसली की तिच्या शिवणीतून कापूस ओढायचे, समईतली वात ओढायचे. एकदा आमच्याकडे आलेल्या पाहुण्याच्या लोकरी मफलरचा धागा त्यांनी बोलता बोलता असा ओढला की तो बिचारा गळा धरून बसला. माणसांनाही ते तेच माप लावत. एखादा आवडला तर म्हणत, "लांब धाग्याचा हाय." नाही आवडला तर नुसतंच, "तुटते."

कोटाच्या खिशात ठेच्याची डबी कायमची. लग्नाच्या पंगतीतसुद्धा बासुंदीच्या वाटीशेजारी ती डबी उघडून ठेवत. लोक हसत. त्यांना काही वाटत नसे.

आणि मासे. पूर्णेकाठच्या गावांतून भोई बाया टोपल्या घेऊन बाजारात येत. काकाजी एकेका टोपलीपुढे उकिडवे बसून माशाच्या डोळ्यांत असे बघत, जसा वैद्य रोग्याच्या बघतो. "हा काल गेला," म्हणत आणि पुढे सरकत. "हा परवा." टोपलीत काही हलताना दिसलं नाही तर रिकाम्या हाताने परत येत, पण मेलेला मासा घेत नसत. भोई बाया त्यांना बघितलं की एकमेकींना कोपरखळ्या मारत. "आले पाहा नाडी पाहाले!"

काकी त्यांच्या अगदी उलट. ठेंगणी, गळ्यात तुळशीची माळ, माळकऱ्याच्या घरातली लेक. आवाज असा की मोर्णा नदीच्या पलीकडे ऐकू जावा. पहिल्या आठवड्यात मी पायरीवर जरा टेकले तर म्हणाल्या, "काहून बसून राहिली? हात नाई काय तुले?" मी खोलीत जाऊन रडले. कोकणात असं कोणी बोललं असतं तर सात पिढ्यांचं वैर झालं असतं. संध्याकाळी त्याच काकी लोणकढ्या तुपाची वाटी माझ्या उंबऱ्यावर ठेवून गेल्या. जाताना म्हणाल्या, "रडून डोये सुजवले. भातावर घे." तेव्हापासून मी त्यांचं बोलणं नुसत्या कानांनी ऐकणं सोडून दिलं.

मागच्या अंगणात कडुनिंबाच्या फांदीला एक काळं मडकं टांगलेलं असे. काकाजींचं मासे शिजवायचं मडकं. काकी त्याला हात लावत नसत. काकाजींनी तीन दगडांची चूल मांडायची, स्वतः शिजवायचं, तिथेच खायचं, मडकं घासून टांगायचं, अंघोळ करायची आणि मग घरात यायचं. तीस वर्षं हा नेम चालला होता. काकाजींची कुरकुर नव्हती. आणि ते बाहेर जेवत असले की काकी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर, आतल्या बाजूला, निवडायचं सूप घेऊन बसलेल्या असत. वास येऊ नये म्हणून पदर नाकाला लावलेला. पण बसलेल्या असत.

फुसानची गोष्ट मी पहिल्यांदा त्या अंगणातच ऐकली.

काकाजी तरुण असताना कंपनीने त्यांना जपानात ओसाकाला नेलं होतं, काम शिकायला. ठेच्याची डबी बोटीवरच संपली. पुढचे कितीतरी महिने बिनमिठाचा भात आणि गोडसर मासे. "दुखनाईताचं जेवन," काकाजी म्हणत. तिथे असतानाच बाळापूरकडच्या त्यांच्या गावाहून निरोप आला की आई गेली. निरोप पोचेतो महिना उलटला होता. रडायचं कोणापाशी? साहेबापाशी? त्याच सुमारास कोरियातल्या एका गिरणीत वऱ्हाडी कापसाच्या गाठी ओल्या निघाल्या, त्या बघायला कंपनीने त्यांना बोटीत बसवून धाडलं. बंदराचं नाव फुसान. बोटीवर त्यांनी अन्नाला हात लावला नाही.

"सकायी उतरलो," काकाजी सांगू लागले. मडक्याखालची काटकी पुढे सरकवत. "गिरणीत जायचं होतं. पन पाय भलतीकडेच गेले. पाहतो तं बाजार. पोरी, तू समुद्राची, तरी असा बाजार तू पाह्यला नसशीन. ओल्या जमिनीवर बायाच बाया. पांढरे लुगडे, म्हनजे लुगडे नोयते थे, पन पांढरे. बाह्या वर बांधलेल्या. समोर घमेले. अन् घमेल्यात सगयं जितं! एक मासा असा चपटा का दोन्ही डोये एकाच अंगाले. एक आठ हाताचा जीव घमेल्यातून बाहीर निघे, अन् थे बाई त्याच्या हातावर चापट मारे अन् पुन्हा आत टाके. निघे का चापट, निघे का चापट. घरच्या वांड लेकरावानी!"

"अन् संत्रे सांगा," आतून काकी म्हणाल्या.

"सांगतो ना. एका घमेल्यात पाहतो तं संत्रे. म्हनलं, अरे बापा, मोर्शीचे संत्रे इथं कसे? हात लावला तं संत्र हाललं! थेही जितंच! अन् पिचकारी मारली माह्या तोंडावर!"

मी हसून हसून वाकले. काकाजी हसले नाहीत. त्यांनी मडक्यावरचं झाकण उचलून पाहिलं, पुन्हा ठेवलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तिथं एक म्हातारी होती. माह्या मायच्या वयाची. तिनं मले पाह्यलं. कोटात काडी घातल्यावानी दिसत असंन मी तवा. तिनं कोट धरून मले खाली बसवलं. एक चपटा मासा उचलला, फळीवर ठेवला, अन् पान कापावं तसा कापला. कच्चा! एक तुकडा लाल चटनीत बुडवला अन् माह्या तोंडाशी आनला. मी तोंड मिटून घेतलं. तिनं गाल दाबले अन् घातला."

"मग?"

"मिरची, पोरी! मिरची अन् लसून! इतके महिने जिभेवर मिरचीचा कन नाई, अन् तिथं, दुनियेच्या त्या टोकाले, मायच्या हातचा ठेचा! मासा कसा होता सांगू? थंडा. गोड. दाताखाली आला का समुद्राचं पानी, अन् मांगून मिरची. डोयातून धारा लागल्या. तिले वाटलं तिखट लागलं. पानी आनलं. मी मान हालवून चटनीकडे बोट दाखवलं. अजून दे. मंग त्या बाया अशा हासल्या! रांगच्या रांग हासली. जिच्यातिच्या घमेल्यातून काहीतरी आलं माह्यापुढे. अन् थे म्हातारी माह्या पाठीवर हात ठेवून म्हने, 'माय मुरा.'"

"दोनदा म्हनली होती," काकी आतून म्हणाल्या.

"व्हय. दोनदा. माय मुरा, माय मुरा."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"काय माहीत. त्याइच्या बोलीत काय असंन थे असो. 'खाय लेकरा' असंच काही असंन. मी तं 'माय' एवढंच आयकलं." त्यांनी कोटाच्या बाहीने नाक पुसलं. "थ्या दिवशी रडलो मी मायसाठी. मासा खात खात. जितके दिवस फुसानात होतो, रोज तिच्याचपाशी जेवलो."

ही गोष्ट मी नंतर कितीदा ऐकली त्याला गणती नाही. काकींनी माझ्या शंभरपट ऐकली असेल. मासा चपटा होता की लांबट, म्हातारीच्या केसांना काय बांधलेलं होतं, पिचकारी कोणत्या गालावर उडाली, सगळं त्यांना पाठ होतं, आणि काकाजी कुठे घसरले की त्या उंबऱ्यामागून त्यांना रुळावर आणत. जो पदार्थ त्यांनी जन्मात चाखला नव्हता, त्याची चव कशी होती हेही त्या बरोबर सांगत. "थंडा म्हनले होते तुमी मांगं. आता गरम काहून म्हनता?"

पंगतीत वाढताना काकाजी पाहुण्यांना "माय मुरा, माय मुरा!" असा आग्रह करत. आळीतली माणसंही गमतीने तसंच म्हणू लागली होती.

मग जपान लढाईत उतरला.

कंपनीची कचेरी एका दिवसात बंद झाली. जपानी साहेबाला कुठे नेलं ते कोणालाच कळलं नाही. आणि एका सकाळी पोलीस काकाजींना घेऊन गेले. जपानात राहिलेला माणूस अकोल्यात दुसरा कोण होता? दिवसभर त्यांना बाकावर बसवून ठेवलं. कोणाला भेटलात, काय पाहिलंत, बंदरात बोटी किती होत्या. काकाजींनी बोटी पाहिल्याच नव्हत्या, मासे पाहिले होते. त्यांनी तेच सांगितलं. आळीतल्या कोणीतरी आधीच कळवलं होतं की हा माणूस जपानी भाषेत काहीतरी म्हणत असतो. अंमलदाराने विचारलं, 'माय मुरा' म्हणजे काय?

"मले नाई माहीत साहेब," काकाजी म्हणाले. ते खरं होतं, आणि त्यांचं खरंच कोणाला पटेना. ज्यांचा अर्थ ठाऊक नाही ते शब्द शहाणा माणूस आळीभर कशाला म्हणत फिरेल?

शेवटी सोडलं, पण ठरावीक दिवशी येऊन हजेरी द्यायची या बोलीवर. घरी आले तेव्हा आळीतल्या ओट्यांवर माणसं बसलेली होती. एकेक उठून आत गेली. कोणीतरी मागून "जपान्या" म्हणालं. काकाजी वळले नाहीत.

त्यानंतर ते बोलेनासे झाले. बाळापूरकडे शेती होती, पोटाची ददात नव्हती. पण सकाळी उठून जायला कचेरी नव्हती आणि हातात कापूस नव्हता. ओट्यावर बसायचे. बोटं मांडीवर निपचित पडलेली. "हो", "नाई", "वाढ", "बस", एवढ्या चार शब्दांवर त्यांचा दिवस निघे. निंबावरच्या मडक्यात कोळ्याने जाळं धरलं. काकी दिवसभर भांडी आपटत, मोठमोठ्याने बोलत, मुद्दाम चुकीचं काही म्हणत. ते हूं की चूं करत नसत.

त्या वेळी मला दिवस गेले होते. पहिले महिने फार वाईट गेले, पाणीसुद्धा टिकत नव्हतं. मग ते थांबलं आणि मी चांगली जेवू लागले. अशाच एका दुपारी काकी माझ्या खोलीत आल्या आणि दार ओढून घेतलं.

"तुले मासोईचे डोहाये लागले नाई काय?"

"लागले होते, काकी. आता नाही. आता सगळंच खाते."

"लागू दे."

मला कळेना. त्या माझ्या जवळ बसल्या. तो खणखणीत आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली आलेला ऐकला. "तू माग, पोरी. माह्यानं मागनं होत नाई. मी कोन्या तोंडानं म्हनू, मासे आना? माह्या गयात माळ हाय. तू पोटुशी हायस, तुले नाई म्हननार नाईत थे. घरात सारं मसनावानी झालं. बोलतच नाईत." त्यांनी माझा हात धरला. "मले एकटीले लय आयकू येते आता."

मी उठून ओट्यावर गेले. काकाजी समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते.

"काकाजी, मला मासे खावेसे वाटतात."

भिंतीकडेच बघत ते म्हणाले, "बाजारात भेटतीन."

"बाजारातले नकोत. नदीवरचे हवेत. जिवंत."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "कोनं शिकवलं?"

आत एक भांडं पडल्याचा आवाज झाला.

"कोणी नाही. मला वाटतं म्हणून."

"पूर्णा लांब हाय. दमनीत धक्के लागतीन."

"हळू हाका."

 त्यांची मांडीवरची बोटं जरा हलली आणि धोतराचा धागा ओढू लागली.

रविवारी निघालो. यजमानांची धक्क्यावर पाळी होती. काकाजींनी शेतावरची दमणी, म्हणजे माणसं बसायची छपराची बैलगाडी, आणून ठेवली होती. काकींनी तीत दोन गाद्या अंथरल्या, भाकरीचं गाठोडं ठेवलं आणि स्वतःही चढून बसल्या. "हिले एकटीले तुमच्या भरवशावर कशी सोडू? तुमी बोलाले लागले का बैल कुठं चालले थे समजत नाई तुमाले." बोलणं थांबून कितीतरी महिने झाले होते. काकाजींनी नुसते कासरे ओढले.

अकोटच्या वाटेवर पूर्णा लागते. हिवाळ्याचं पाणी, हिरवट आणि संथ. काळ्या दरडीखाली एक भोई जाळं ओढत होता आणि त्याची बायको टोपलीत मासे टाकत होती. काकाजी उतरले, टोपलीपुढे उकिडवे बसले. झिंगे टणाटण उडत होते. एक मरळ मासा शेपटी आपटत होता.

"काय पायजे बाबा?" भोईणीने विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी मरळ निवडला. तिने तो तिथेच साफ करून दिला. काकाजींनी तुरीच्या काड्या पेटवल्या, माशाला चिरा दिल्या, खिशातली डबी काढून ठेचा भरला आणि निखाऱ्यावर ठेवला. सगळं नीट, सगळं मुकाट्याने. काकी जरा दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, पदर नाकाला लावून बसल्या होत्या. पण त्यांचे डोळे माशावर नव्हते, नवऱ्यावर होते.

मासा झाला. काकाजींनी तो पळसाच्या पानावर माझ्यापुढे ठेवला आणि पाण्याकडे तोंड करून बसले. संपलं. एवढा रस्ता तुडवून आलो, आणि तो माणूस अजून मुकाच.

मी काकींकडे बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता. मग त्या उठल्या. पदर नाकावरून काढून कमरेला खोचला. माझ्यासमोर येऊन बसल्या आणि त्या वाफाळत्या माशाचा तुकडा स्वतःच्या बोटांनी मोडला. चटका बसला तशी बोटं झटकली, पुन्हा उचलला. माळ गळ्यात लोंबत होती. तो घास त्यांनी माझ्या तोंडाशी आणला आणि मोठ्याने, सगळ्या नदीला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"माय मुरा."

काकाजींची पाठ हलली.

मी घास घेतला. काकींनी दुसरा मोडला. "माय मुरा, म्हनते मी. खाय."

"तसं नाई," पाण्याकडे तोंड केलेला आवाज म्हणाला. गंज चढल्यासारखा, घोगरा. "दोनदा म्हनली होती थे. एका दमात."

"मले काय ठाऊक? मी होती काय तिथं?"

"लाखदा सांगतलं तुले! माय मुरा, माय मुरा. अन् पाठीवर हात होता तिचा. तुहा हात कुठं हाय?" ते वळले. तेव्हा त्यांना काकींची बोटं दिसली, तेलाने आणि ठेच्याने माखलेली. ते बघतच राहिले. पुढे काय बोलायचं होतं ते विसरले असावेत. "अवं," एवढंच म्हणाले.

"पाप लागलं तं लागू द्या," काकी म्हणाल्या. "सांगा आता पुढं. संत्र्याचं सांगा. या बाईनं आयकलं नाई."

भोईण टोपली ठेवून जवळ येऊन बसली. काकाजी तिला सांगू लागले. आधी अडखळत, मग सलग. आठ हातांचा जीव निघाला, चापट बसली, संत्रं हललं. भोईण "अवो माय!" म्हणून तोंडावर हात घेत होती, भोई जाळं सोडून आला होता. मी सगळा मासा खाल्ला. नदीच्या माशाला चिखलाचा वास असतो, आमच्या समुद्राच्या माशाला नसतो, हे मला त्या दिवशी आठवलंसुद्धा नाही. काकी पाण्याकाठी बसून मातीने हात घासत होत्या. बराच वेळ घासत होत्या. त्यांची पाठ आमच्याकडे होती आणि खांदे हलत होते. रडत होत्या की हसत होत्या, ते मी विचारलं नाही. येताना बैल खरंच भलत्या वाटेला लागले आणि घरी पोचायला अंधार पडला.

माझे दिवस भरत आले असताना यजमानांची अमरावतीला बदली झाली. मुलगी तिथेच झाली. महिनाभराने, कळवल्याशिवायच, काकाजी आणि काकी दारात उभे राहिले. बडनेऱ्याला गाडी बदलून आले होते. काकाजींच्या हातात लाडवांची पिशवी, आणि काकींच्या कमरेवर घट्ट धरलेली घागर, तोंडाला ओलं फडकं बांधलेली.

"धर, जड हाय," काकी म्हणाल्या. "हे सारी वाट बोलत आले. सांभायली म्याच."

फडकं सोडलं. आत पूर्णेचा मरळ, जिवंत. काळाशार, घागरीत अंग वळवून बसलेला.

"बायंतिणीले याच्यावानी दुसरं काई नाई," काकाजी कोट काढत म्हणाले. त्यांचे कान पुन्हा कापसाने भरले होते. एका देशी व्यापाऱ्याकडे काम मिळालं होतं. "रक्त वाढते, दूध येते. विळी कुठं हाय? चूल मांगच्या अंगनात मांडतो."

काकी मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. घागर शेजारी. त्या मधूनच वाकून आत बघत होत्या. "मुर्तिजापूरले याचं तोंड वर आलं. मले वाटलं गेला. मंग पानी टाकलं. बडनेऱ्याले सारं बदललं. तवा कसा पाहे माह्याकडे!"

काकाजी विळी घेऊन आले आणि घागरीपुढे बसले.

"याले नोका कापू," काकी म्हणाल्या.

"अवं, काय म्हनून राहिली? पोट्टीच्या मायसाठी आनला ना!"

"तिच्यासाठी मेथीचे लाडू आनले. डिंकाचे आनले."

"लाडूनं काय होते? दूध..."

"दूध हाय तिले. इचारा." त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आहे," मी म्हटलं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण मी "आहे" म्हटलं.

काकाजी एकदा माझ्याकडे, एकदा घागरीकडे बघत राहिले. "इतक्या दुरून आनला. दोन गाड्यांतून. पानी बदलत बदलत."

"म्हनूनच तं," काकी म्हणाल्या आणि मुलीला थोपटू लागल्या.

काकाजींनी विळी मिटली. घागरीचं फडकं पुन्हा बांधलं, टोपी घातली. यजमानांनी टांगा बोलावला आणि दोघं वडाळीच्या तलावावर गेले. दिवेलागणीला परतले. यजमानांनी दारातच मला हळू आवाजात सांगितलं, की घागर पाण्यात तिरकी धरली तरी मासा निघेना. काकाजी गुडघाभर पाण्यात उभे राहून त्याला कितीतरी वेळ काहीबाही सांगत होते. मग तो एकदम सुटला आणि दगड बुडावा तसा दिसेनासा झाला.

मी पिठलं-भाकरी केली होती. काकाजी पाटावर बसले. धोतर गुडघ्यांपर्यंत ओलं.

"गेला?" काकींनी विचारलं.

"गेला."

"मांगं वळून पाह्यलं काय त्यानं?"

काकाजींनी घास हातात धरला होता. बाजारात उकिडवं बसून एकेका माशाबद्दल खरं तेच सांगणारा तो माणूस क्षणभर थांबला.

"पाह्यलं," ते म्हणाले. "एक डाव."

काकींनी मान हलवली आणि त्यांच्या ताटात आणखी पिठलं वाढलं.